आधी ग्राहकाच्या घरातला टीव्ही बघा!



मागच्या बॅचला सिडकोतला एक मुलगा आला होता. वय २३-२४, आयटीआय झालेलं, वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर काम. त्याला गेम झोन टाकायचाय. वहीत सगळं व्यवस्थित लिहून आणलं होतं त्यानं. पाच कन्सोल, पाच ५५ इंची ४के टीव्ही, एसी, गेमिंगच्या खुर्च्या, निळे-जांभळे लाइट. पैसे कुठून आणणार? तर आईचं सोनं गहाण ठेवायचं आणि उरलेलं कर्ज. मला म्हणाला, "सर, ४के नाही दिलं तर आजकाल कोण येणार?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न मी आधी ऐकलेला आहे. २००६ साली जपानमधल्या एका कंपनीसमोर हाच प्रश्न होता, फक्त ४के च्या जागी एचडी हा शब्द होता. आणि २००७ साली औरंगपुऱ्यात एका दहा बाय बाराच्या गाळ्यात तोच प्रश्न माझ्यासमोर होता. कंपनीनं बरोबर उत्तर दिलं. मी चुकीचं दिलं.

व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो

नव्या गेम कन्सोलनं एचडी टीव्हीला सपोर्ट करावा का? २००६ साली मला विचारलं असतं तर आजच्या अनुभवावरून मी म्हटलं असतं, गरज नाही. २०१० साली विचारलं असतं तर म्हटलं असतं, केलाच पाहिजे. आज विचाराल तर एचडीचा प्रश्नच संपला, आज प्रश्न ४के चा आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, एकाच प्रश्नाला तीन उत्तरं कशी? अहो, कारण मधल्या काळात ग्राहकाचं घर बदललं. वस्तूमध्ये काय द्यायचं ते वस्तू ठरवत नाही. ती ज्या घरात, ज्या दुकानात, ज्या खिशासमोर जाणार आहे, ते ठरवतं. आणि किती वर्षांसाठी देताय, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. तिच्याकडे शेवटी येतो.

तीन कंपन्या, दोन रस्ते

ज्यांना गेमिंगचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला. अमेरिकेत किंमत २९९ आणि ३९९ डॉलर. एका वर्षानं सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, ४९९ आणि ५९९ डॉलर. दोघांचंही म्हणणं एकच, आता जमाना एचडीचा. त्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २००६ मध्ये, निन्टेन्डोचा 'वी' आला. किंमत २४९.९९ डॉलर, आणि एचडी नाहीच. जास्तीत जास्त ४८० ओळींचं चित्र. जाणकार मंडळी हसली. नव्या जमान्यात जुनं चित्र विकायला निघालेत म्हणाली.

झालं काय? 'वी' विकला गेला १० कोटींच्या वर. प्लेस्टेशन ३ पुढची दहा वर्षं बाजारात राहूनही पावणेनऊ कोटींच्या आसपास पोहोचला आणि एक्सबॉक्स ३६० साडेआठ कोटींच्या आसपास. ज्याच्याकडे सगळ्यात साधं चित्र, तो त्या पिढीत पहिला आला.

बरं, निन्टेन्डोला एचडी बनवता येत नव्हतं असं नाही. १८८९ पासून क्योटोमध्ये धंदा करणारी कंपनी आहे ती, सुरुवात पत्ते बनवण्यापासून. त्यांनी हिशोब केला. एचडी चित्रासाठी चिप महाग, चिप महाग म्हणून कन्सोल महाग, आणि एचडीचे गेम बनवायला माणसं आणि वेळ जास्त. एवढं करून ते चित्र दिसणार कुणाला? ज्याच्या घरी एचडी टीव्ही आहे त्याला. २००६ साली तसे लोक अमेरिका-जपानमध्येसुद्धा कमी होते. म्हणून त्यांनी तो खर्च वाचवला आणि हातात धरून हलवायच्या रिमोटवर जोर दिला. हात फिरवला की टीव्हीत टेनिसची बॅट फिरते. आजी-आजोबासुद्धा दिवाणखान्यात उभं राहून बॉलिंग खेळायला लागले. एचडी बघायला वेगळा टीव्ही लागतो. तो रिमोट कळायला काहीच लागत नाही.

ही त्यांची जुनीच सवय. गुनपेई योकोई नावाचे निन्टेन्डोचे एक इंजिनिअर होते. त्यांचा विचार असा, की जुनी झालेली, स्वस्त झालेली, सगळ्यांना नीट कळलेली टेक्नॉलॉजी घ्यायची आणि नव्या कामाला लावायची. त्यातूनच १९८९ साली गेम बॉय आला. हातात धरायचा गेम, रंग नाहीत, हिरवट स्क्रीन. पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांच्या वर चालायचा. पाठोपाठ सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, झकास. त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. आता पोराच्या खिशात सेल घ्यायला पैसे किती असतात, हे तुम्हीच सांगा. रंगीत स्क्रीनचं कौतुक झालं, खप गेम बॉयचा झाला.

एचडी म्हणजे नेमकं किती?

शब्दांवर भाळू नका, आकडे बघा.

साधं चित्र म्हणजे ६४० गुणिले ४८०, सुमारे ३ लाख ठिपके. एचडी, म्हणजे १२८० गुणिले ७२०, सुमारे ९ लाख. फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २१ लाख. आणि ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. गेमच्या कन्सोलला हे ठिपके सेकंदाला ३० वेळा किंवा ६० वेळा रंगवावे लागतात. म्हणजे ठिपके वाढले की काम वाढलं, काम वाढलं की चिप मोठी, वीज जास्त, उष्णता जास्त, किंमत जास्त. प्रत्येक ठिपक्याचं बिल कुणीतरी भरतं.

आता इथे एक गंमत आहे. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साध्या डबा टीव्हीवरही चालायचे. मागे पिवळी-लाल-पांढरी पिन लावली की झालं. मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा, की 'चालतं' आणि 'बरं चालतं' यात फरक असतो. २००६ मध्ये कॅपकॉम कंपनीचा 'डेड रायझिंग' नावाचा गेम आला. त्यातली अक्षरं एचडी टीव्ही समोर ठेवून बनवली होती. साध्या टीव्हीवर ती इतकी बारीक दिसायची की लोकांना वाचताच येईनात. तक्रारी झाल्या. पैसे सगळ्यांनी सारखेच दिले, पण साधा टीव्ही असलेल्याला अर्धाच माल मिळाला.

हे वाक्य लिहून ठेवा. नवं काही दिलं की ते ज्यांना वापरता येत नाही त्यांचं काय होतं, हे तपासणं आपलं काम आहे. फोटोग्राफर मित्रांनो, तुमच्यासाठी पण आहे हे. लग्नाचा व्हिडिओ ४के मध्ये करून पेन ड्राइव्ह देता, तो नवरीच्या बापाच्या टीव्हीत लावला की चालत नाही. मग फोन कुणाला येतो? तुम्हालाच ना?

माझा गाळा आणि शेजारचे काका

आता माझी गोष्ट.

२००७ साल. मी बीबीएच्या पहिल्या वर्षाला. मार्केटिंगचं पुस्तक हातात, आणि डोक्यात हवा. आम्ही तिघा मित्रांनी गेम पार्लर टाकायचं ठरवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्लेस्टेशन ३ भारतात आला होता, ३९,९९० रुपयांना. मी म्हटलं, घ्यायचं तर हेच. आणि एचडी कन्सोल घेतला तर एचडी टीव्ही नको का? मग ३२ इंची एलसीडी. दोन्ही मिळून खर्च लाखाच्या जवळ गेला. माझा वाटा ४० हजार. आईनं भिशी लवकर उचलून दिली.

दुकान सजवलं. बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शहरातलं पहिलं एचडी गेमिंग'. पहिलं होतं की नाही देव जाणे, पण आम्ही लिहिलं. दर ठेवला तासाला ४० रुपये.

आमच्यापासून चार गाळे सोडून एका काकांचं पार्लर होतं. चार प्लेस्टेशन २ आणि रिपेअरवाल्याकडून घेतलेले चार जुने २१ इंची डबा टीव्ही. भिंतीचा रंग उडालेला, बसायला लाकडी बाक. दर अर्ध्या तासाला १० रुपये. मला वाटलं, हे काका दोन महिन्यांत गुंडाळणार.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडे झुंबड. सगळे बघायला आले. "क्या पिक्चर है भैया, एकदम असली!" असं म्हणायचे, पंधरा मिनिटं मागे उभे राहायचे आणि खेळायला काकांकडे जायचे. एक दिवस एका पोराला मी थांबवून विचारलंच. तो म्हणाला, "भैया, पिक्चर मस्त है, पर मेरे को दोस्तों के साथ खेलना है. तुम्हारे पास एकच है."

झालं. अख्ख्या बीबीएमध्ये कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

आता गणित बघा. माझ्याकडे एक सेट. दिवसाला आठ तास भरले तरी ३२० रुपये. प्रत्यक्षात भरायचे तीन तास, म्हणजे १२०. काकांचे चार सेट, तासाला २० रुपये, रोज सरासरी सहा तास. ४८० रुपये झाले. आणि त्यांची सगळी गुंतवणूक माझ्या एका टीव्हीइतकीसुद्धा नव्हती.

त्यात लोडशेडिंग. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना सांगायला नको. दुपारची लाइट गेली की काकांचे दोन सेट इन्व्हर्टरवर चालू राहायचे, कारण त्या कन्सोलचा आणि छोट्या डबा टीव्हीचा भार कमी. माझी एकच जोडी, पण ती त्यांच्या एका जोडीच्या दुपटीहून जास्त वीज खायची. इन्व्हर्टर घेताना मी हे बघितलंच नव्हतं. शाळा सुटल्यावर पोरं यायची त्याच वेळेला माझं शटर अर्धं खाली.

नवे गेम घ्यायचे म्हटलं तर माझ्या कन्सोलची एक डिस्क दोन-अडीच हजारांच्या घरात. काकांकडच्या डिस्क कुठून यायच्या ते विचारू नका, आणि तो धंदा मी कुणाला शिकवणारही नाही. पण तो भाग सोडून दिला, तरी हिशोबात ते माझ्या पुढेच होते.

मी ज्या एचडीचा एवढा बोर्ड लावला होता, ते एचडी तेव्हा आपल्याकडे कुणाच्या रोजच्या आयुष्यातच नव्हतं. घरी केबल, तेही साधं. दूरदर्शनचा एचडी चॅनेल आला २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, दिल्लीच्या कॉमनवेल्थ स्पर्धेच्या वेळी. म्हणजे मी तीन वर्षं आधीच माल भरून बसलो होतो. पुढचं दिसणं वेगळं आणि ते दिसेपर्यंत भाडं भरता येणं वेगळं.

सात महिन्यांत पार्लर बंद. कन्सोल आणि टीव्ही अर्ध्या किमतीला गेले. मित्रांची वाटणी झाली, एकाशी आजही बोलणं नाही. आणि आई पुढचं वर्षभर भिशीचा हप्ता भरत राहिली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पण थांबा, दुसरी बाजू पण आहे

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं, स्वस्त तेच धरून बसायचं. नाही! असं मी म्हणत नाहीये, आणि कुणी म्हटलं तर ऐकू नका.

'वी' चंच पुढचं बघा. एप्रिल २००८ ते मार्च २००९ या वर्षात निन्टेन्डोनं जवळपास २ कोटी ६० लाख 'वी' विकले. तीन वर्षांनी, २०११-१२ मध्ये, हा आकडा १ कोटीच्याही खाली आला. का? एकतर आजी-आजोबांची हौस फिटली. दुसरं, तोपर्यंत घराघरात सपाट टीव्ही आले आणि मोठ्या सपाट टीव्हीवर 'वी' चं चित्र धुरकट दिसायला लागलं. २००६ मध्ये जे चित्र कुणाला खटकत नव्हतं, तेच २०११ मध्ये खटकायला लागलं. कन्सोल तोच, घर बदललं. त्याच वर्षी कंपनीला वार्षिक तोटा झाला. त्याला येनचा भाव आणि त्यांच्या दुसऱ्या एका मशीनची पाडलेली किंमत ही कारणंही होती, पण 'वी' ची उतरण त्यात होतीच.

मग २०१२ मध्ये त्यांनी 'वी यू' आणला, त्यात फुल एचडी दिलं. चालला का? नाही. १ कोटी ३५ लाखांवर अडकला. लोकांना कळलंच नाही की हा नवा कन्सोल आहे की जुन्याचं काहीतरी जोडसामान. म्हणजे एचडी न देऊन जिंकले आणि एचडी देऊन हरले. पुढे २०१७ मध्ये 'स्विच' आला. दुसरे लोक ४के च्या गप्पा मारत होते आणि याचा स्वतःचा स्क्रीन ७२० ओळींचा. पण टीव्हीला लावा किंवा उचलून बसमध्ये घेऊन जा, दोन्हीकडे चालतो. १५ कोटींच्या वर गेला. यावरून एवढंच कळतं की एचडी आहे की नाही यावर धंदा ठरत नाही. ग्राहकाला लागतं काय आणि त्याला ते आज वापरता येतं का, यावर ठरतो.

आणि आता आपल्या गावातली गोष्ट. पैठण रोडला चितेगाव. तिथली व्हिडिओकॉनची कंपनी आपल्यापैकी कित्येकांच्या घरात पगार आणि टीव्ही दोन्ही घेऊन आली. माझ्या मावशीच्या घरी जो रंगीत टीव्ही होता तो तिथलाच. या कंपनीनं २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पिक्चर ट्यूब म्हणजे डबा टीव्हीच्या आतली ती जाड काच. कारखाने कुठे कुठे? इटली, पोलंड, मेक्सिको, चीन. मराठवाड्यातून उभी राहिलेली कंपनी युरोपातले कारखाने घेतेय म्हटल्यावर आपली छाती फुगली होती.

त्या वेळी जगातल्या बहुतेक घरांत डबा टीव्हीच होता. म्हणजे माझ्या नियमानं, 'ग्राहकाच्या घरातला टीव्ही बघा' या नियमानं, हा निर्णय बरोबरच वाटतो. पण दोन-तीन वर्षांत, २००७-०८ च्या सुमारास, जगभरात एलसीडीचा खप डबा टीव्हीच्या पुढे गेला. ट्यूबची मागणीच आटली.

व्हिडिओकॉन एवढ्या एकाच कारणानं बुडाली असं म्हणणं चुकीचं ठरेल. कर्ज होतं, तेलाचा धंदा होता, मोबाइल सेवेत उतरले आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं जे १२२ टूजी परवाने रद्द केले त्यात त्यांचेही गेले. शेवटी २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. पण ट्यूबचा सौदा आपल्यासाठी धडा आहेच.

मग फरक काय? निन्टेन्डोनंही जुन्या टीव्हीवर पैज लावली, व्हिडिओकॉननंही. एक जिंकला, एकाला फटका बसला. फरक वर्षांचा आहे. निन्टेन्डोनं पाच वर्षं विकायची वस्तू बनवली. पाच वर्षं जुना टीव्ही टिकणार होता, टिकला. पिक्चर ट्यूबचा कारखाना पाच वर्षांसाठी घेत नाहीत, वीस वर्षांसाठी घेतात. वीस वर्षं काही तो टीव्ही टिकणार नव्हता.

म्हणून माझा नियम असा आहे. लवकर वसूल होणारा पैसा आजच्या ग्राहकावर लावा. उशिरा वसूल होणारा पैसा उद्याच्या ग्राहकावर लावा. यात गल्लत झाली की संपलं. मी वीस वर्षांच्या उत्साहात सात महिन्यांचं भाडं विसरलो. आणि मोठमोठे लोक आजच्या खपाकडे बघून वीस वर्षांचा कारखाना घेतात.

कुणी मला विचारेल...

"सर, कन्सोल तर एकदा विकला की आत चिप बदलता येत नाही. मग ग्राहकानं पाच-सहा वर्षं वापरायची वस्तू घेतली, मधेच त्यानं एचडी टीव्ही आणला, तर त्याची फसवणूक नाही का झाली?"

चांगला प्रश्न आहे, आणि निन्टेन्डोच्या विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा हाच. एचडीवाल्या कन्सोलला लोक जास्त पैसे देत होते, पण तो नव्या टीव्हीवर फुलत गेला. प्लेस्टेशन ३ सुरुवातीला रडत-खडत चालला आणि नंतर कुठल्या कुठे पोहोचला.

माझं उत्तर असं. २५० डॉलरचा ग्राहक आणि ५०० डॉलरचा ग्राहक हा एकच माणूस नाही. पहिल्याला एचडीच्या नावाखाली ५०० मागितले असते तर त्यानं एचडी घेतलं नसतं, काहीच घेतलं नसतं. म्हणून २००६ चा निर्णय बरोबर. चूक झाली ती नंतर. २००९-१० मध्ये, खप चांगला असतानाच, त्याच गेमचं एचडी देणारं मशीन यायला हवं होतं. ते आलं २०१२ च्या शेवटी, गर्दी ओसरल्यावर. स्वस्त देणं चूक नव्हतं. स्वस्तावर झोपून जाणं चूक होतं.

मग सिडकोच्या मुलाला मी काय सांगितलं?

मी त्याला म्हटलं, वही बाजूला ठेव. दोन रविवार शहरातल्या दोन-तीन गेम झोनच्या बाहेर उभा राहा आणि पोरं काय विचारतात ते लिही. फक्त लिही, मधे बोलू नको.

तो गेला. परत आला तेव्हा वहीत हे होतं: "फुटबॉलवाला आहे का?", "चौघं एकत्र खेळता येतं का?", "तासाला किती?", "एसी चालू आहे का?", "गाडी कुठे लावायची?" दोन रविवारांत ४के हा शब्द एकानं उच्चारला. तो पण शेजारच्या दुकानात टीव्ही घ्यायला आलेला माणूस निघाला.

मग आम्ही बसून चार प्रश्न केले. तुम्ही पण तुमच्या धंद्याला लावून बघा.

१. हे जास्तीचं दिल्यामुळे ग्राहक एक रुपया तरी जास्त देणार का? नसेल देणार, तर ती तुमची हौस आहे. हौसेला कर्ज काढायचं नसतं.

२. हे वापरायला ग्राहकाकडे आणखी काही लागतं का? वेगळा टीव्ही, वेगळा फोन, वेगळं इंटरनेट? लागत असेल तर किती जणांकडे आहे ते मोजा. अंदाज नको, मोजा.

३. हे नंतर बदलता येतं का? टीव्ही बदलता येतो. वायरिंग, एमसीबी, इन्व्हर्टरची ताकद, गाळ्याची जागा हे सहजासहजी बदलत नाही. जे बदलत नाही तिथे आधी आणि चांगला पैसा घाला.

४. हा पैसा किती महिन्यांत परत येणार? आणि तितके महिने ग्राहक असाच राहणार का?

या चार प्रश्नांनंतर यादी अशी झाली. पाच ऐवजी दोन कन्सोल. प्लेस्टेशन ५ घेतला तरी तो फुल एचडी टीव्हीवर पण चालतो, त्यामुळे कन्सोलची काळजी नाही. त्याच्या बऱ्याच गेममध्ये दोन पर्याय असतात, एक जास्त बारीक चित्राचा आणि एक जास्त सफाईदार हालचालीचा. फुटबॉल आणि मारामारी खेळणारी पोरं दुसराच पर्याय लावतात. टीव्ही ५५ इंचीच्या जागी ४३ इंची, कारण बसायची जागा टीव्हीपासून सहा फुटांवर आहे. ४३ इंचीत ४के आणि फुल एचडीच्या भावात आता फार अंतर राहिलेलं नाही, तर तिथे ४के घे म्हटलं. हो, घे म्हटलं! जे जवळपास त्याच भावात मिळतंय ते सोडायचं कशाला? पण त्यासाठी ५५ इंचीवर जायचं नाही आणि आईच्या सोन्याला हात लावायचा नाही.

वाचलेल्या पैशातून दोन जास्तीचे कंट्रोलर, चांगली वायरिंग आणि एसीचं नीट काम. खुर्च्या साध्या. निळे लाइट? लाव बाबा, त्याला फार लागत नाही.

सोनं घरीच राहिलं. त्याचा गेम झोन चालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. धंद्याची गॅरंटी कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण नाही चालला तर त्याची आई दुसऱ्याचे हप्ते भरत बसणार नाही, एवढं मात्र नक्की. माझ्यासाठी तेच पुष्कळ आहे.

आजचा गृहपाठ

तुमच्या दुकानात किंवा तुमच्या प्लॅनमध्ये 'आजकाल हे लागतंच' म्हणून लिहिलेली एक गोष्ट शोधा. मशीन असेल, सॉफ्टवेअर असेल, फर्निचर असेल. तिच्यासमोर हे चार प्रश्न लिहा आणि येत्या आठवड्यात दहा ग्राहकांशी बोला. स्वतःच्या मित्रांशी नाही, ग्राहकांशी. मित्र 'भारी आहे' म्हणतात आणि खेळायला काकांकडे जातात.

काका भेटतात अजून अधूनमधून. पार्लर त्यांनी केव्हाच बंद केलं, मोबाइल आल्यावर. वेळेवर बंद केलं, नुकसानीत नाही. आता तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मागच्या महिन्यात मी विचारलं, "काका, तेव्हा तुम्हाला कळलं कसं हो?" ते म्हणाले, "मला कुठं काय कळत होतं! पोरं जे मागायची ते ठेवायचो. मागायची बंद झाली, मी पण ठेवणं बंद केलं."

चला, भेटू पुढच्या रविवारी. हिशोब लिहीत राहा.